जयवंतीने सेव्ह केलं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा सांगायला बसलो — आणि चहा पिऊन उठलो.

२०१६ची गोष्ट. मी डहाणूचा, चिकूच्या वाडीतला, पण बागेत रमलो नाही, कॉम्प्युटरमध्ये रमलो. तलासरीकडच्या एका प्रशिक्षण केंद्रातली सहा मशीन मी सांभाळायचो. लाइट रोज दुपारी जायची, मग सगळं सोलरच्या बॅटरीवर. मला वाटलं, आपण काहीतरी करून दाखवू. हौस! दुसरं काय?

कॉम्प्युटरच्या मेमरीला सतत वीज पाजावी लागते, नाहीतर ती विसरते. रिकाम्या भागालाही वीज जातेच. मी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बदल केला — चालू काम मेमरीच्या एका बाजूला गोळा करायचं, उरलेली बाजू बंद. घरातली सगळी ओटीवर बसली की आतले दिवे घालवतो ना, तसं. बॅटरी थोडी जास्त पुरायला लागली. ते 'थोडी' मी गावभर मोठं करून सांगत सुटलो.

आता खरं सांगतो. आपण सेव्ह केलेलं लगेच डिस्कवर जात नाही, काही वेळ मेमरीतच थांबतं. बॅटरी वाचावी म्हणून तो वेळही मीच वाढवला होता. आणि माझा प्रोग्राम कधीकधी ती जागा रिकामी समजून बंद करायचा. हे मला माहीत नव्हतं का? होतं. आठवडाभर आधी माझ्याच लॅपटॉपवरची एक फाइल अशी गेली होती. बघू नंतर, म्हटलं.

जयवंती रानशेतची. केंद्रात टायपिंगला होती, घरातली पहिली पगार आणणारी. त्या दिवशी शिवणवर्गाच्या बायकांची यादी पाचच्या आत तलासरीला पोचवायची होती. दुपारभर बसून तिने ती टाइप केली. मशीन अडकलं, पुन्हा चालू केलं — तर फाइलच नाही.

"सर, केलं होतं ना मी सेव्ह!" ती माझ्याकडे बघून म्हणाली. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या सरांकडे नाही — माझ्याकडे. मला कळेल, असं तिला वाटलं असणार.

मोठ्या सरांनी मला विचारलं. एवढी माणसं उभी, सगळ्यांपुढे मी मिरवलेलं... माझी जीभ कशी वळली? पण वळली.

"सेव्ह केलं नसेल हिने," मी म्हणालो.

सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात मी गुपचूप प्रोग्राम दुरुस्त केला. चार ओळींचं काम होतं. मला अजून लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

दोन वर्षांनी आशागडला झेरॉक्स काढायला थांबलो, तर काउंटरमागे जयवंती. मी परत फिरणार होतो, पण तिने बघितलं. हसली. "सर, बसा ना!" चहा मागवला, झेरॉक्सचे पैसे घेईना. मग स्वतःच म्हणाली, "तेव्हा माझंच चुकलं असणार, सर. आता मी दोन-दोनदा सेव्ह करते."

आणि मी काय म्हणालो?

"चांगली सवय आहे."

तिने तेव्हा एकदाच सेव्ह केलं होतं. आणि बरोबर केलं होतं.