उताराकडे तोंड करून

यंत्राला कान नसतात, हे ज्याला अजून कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही असा अख्ख्या पेडणे तालुक्यात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. विहिरीवरचा पंप, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांना ऐकू येतं. पण सर्वांत तिखट कान गाडीचे, असं ते सांगतात. आमच्या पंधरा वर्षं वापरलेल्या लाल गाडीसमोर उभं राहून "आता ही काढून टाकावी" एवढंच मी एकदा म्हणालो, तर मामांनी माझा दंड धरला, मला तुळशीपलीकडे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "जावयबापू, असला काय तिच्या फुड्यात बोलू नकात. तिका वायट दिसता." त्याच संध्याकाळी मयेच्या तळ्याजवळ वळणावर गाडी बंद पडली. मामा मागे बसले होते. पुढे वाकून त्यांनी डॅशबोर्डवरून दोनदा हात फिरवला, शाळेत मार खाऊन आलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. इंजिन थंड झालं म्हणून सुरू झाली की समजूत पटली म्हणून, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मामांच्या बाबतीत माझं नेहमी असंच होतं.

मामांनी उभी हयात डिचोलीच्या खाणींवर खनिज वाहणारा टिपर चालवला. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "टिपरान सवड दिली नाय" म्हणतात. खाणी बंद पडल्यावर ते पेडण्याला आपल्या घरी परतले, पण टिपरावरच्या सवयी बरोबर घेऊन आले. पहिली सवय, गाडी नेहमी उताराकडे तोंड करून ठेवायची. त्यांच्या टिपराचा स्टार्टर म्हणे वर्षातले सहा महिने रजेवर असायचा, त्यामुळे उतार म्हणजेच स्टार्टर. डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून ते रस्त्यावर गाडी काढत नाहीत, पण अंगणात मागेपुढे करण्याचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. दुसरी सवय गाऱ्हाण्याची. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे देवळात ठीक आहे, नांगरणीला ठीक आहे. मामा ते गाडीत घालतात, आणि तेही कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं असलं तरी. "बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां म्हापशाक जावक भायर सरली आसत, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "वाटेर गोरवां आडवी इली तर तेंका बाजूक काड, म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "चढणीर क्लच जळात, तो सांभाळ, म्हाराजा." माझी दोन्ही पोरं मागच्या सीटवरून बेंबीच्या देठापासून साथ देतात. एकदा माझ्या ऑफिसचे साहेब पुढच्या सीटवर होते. पहिल्या वाक्याला ते खिडकीबाहेर बघत राहिले, दुसऱ्याला खाकरले, आणि वायपरसाठी मागणं आलं तेव्हा साहेबांच्या तोंडून आपोआप "व्हय म्हाराजा" निघून गेलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला टायफॉइड झाला. आमचं घर डिचोलीबाहेर, मयेच्या वाटेवर, चढावर आहे. मुलगी तेव्हा सात वर्षांची, मुलगा साडेतीनचा. घरात तिला बाय आणि त्याला बाबू म्हणतात. घरात दुसरं मोठं माणूस नाही. मी दोन दिवस एकट्याने सगळं करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी बायला गणवेशाऐवजी रात्रीचा फ्रॉक घालून शाळेत पोचवलं आणि त्याच दुपारी मामांना फोन केला. ते म्हापशाला बस बदलून संध्याकाळी हजर झाले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पोयांची, म्हणजे कोंड्याच्या गोव्याकडच्या पावांची पिशवी. आल्या आल्या त्यांनी माझ्या बायकोच्या कपाळाला हात लावला, मग बाहेर जाऊन तोच हात गाडीच्या बॉनेटला लावला आणि आत येऊन निकाल दिला, "दोगांकय आराम होयो."

त्यानंतर घर टिपराच्या शिस्तीने चालू झालं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मामा रोजच्या फेऱ्या लिहीत. "बाय: शाळेक गेली आठ धा, परत एक वीस, वाटेत बंद पडली नाय." "बाबू: पेज पियालो, धूर नाय." पोरं रडायला लागली की मामा त्यांना अंगणातल्या उभ्या गाडीत बसवत, रेडिओ लावत आणि बंद इंजिनाचं स्टिअरिंग फिरवत फोंड्याला नेत. तिथून पुढे घाट चढून काशीलासुद्धा. बायचं अख्खं जेवण फोंडा आणि बेळगावच्या दरम्यान होई. मी म्हणायचो, "मामा, बॅटरी उतरेल." ते म्हणायचे, "धाच मिनटां लायतंय. तिकाय बरा वाटता." आणि प्रवास संपला की गाडी वळवून, तोंड उताराकडे करून ठेवायचे. मी घरी आलो की ती पुन्हा वळवून घराकडे तोंड करून लावायचो. का, हे मी आता प्रामाणिकपणे सांगतो. घरातलं बाकी काहीच माझ्या हातात नव्हतं. पेज मामांची, पोरं मामांची, बायकोही गोळ्या मामांच्याच हातून घेत होती. माझ्या अंगणात गाडीचं तोंड कुठे असावं, एवढं तरी मी ठरवावं असं मला वाटायचं.

मामा येऊन आठवडा झाला होता. त्या गुरुवारी संध्याकाळी बायकोचा ताप पुन्हा चढला. बाबू आईकडे जायचं म्हणून दाराला लटकला होता, बायने दुधाचं पातेलं पालथं केलं होतं. मामांनी बाबूला उचललं, त्याच्या छातीला कान लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाले, "जावयबापू, हेच्या छातीत फॅनबेल्ट वाजता. आत्ताच दोतोराक दाखवूक होया."

"मामा, तो मुलगा आहे, गाडी नाही," मी म्हणालो.

"ता माका ठावक आसा," ते म्हणाले. "पण वाजता."

मी बाबूच्या छातीला हातसुद्धा लावला नाही. गाडी वळवून ठेवतो म्हणून किल्ली घेतली आणि बाहेर आलो. गाडी वळवली, घराकडे तोंड केलं, आणि उतरलो नाही. छतावरचा दिवा लावला, सीटखाली दोन दिवसांपूर्वीचं वर्तमानपत्र होतं ते उघडलं. वाचलं काहीच नाही. घरातून बाबूच्या रडण्याचा आवाज येत होता. मी काच वर केली. तासभर तसाच बसून राहिलो. मग वाचायचा चष्मा काढून डोळे चोळले, आत गेलो, आणि कोणी न विचारताच म्हणालो, "गाडीत जरा आवाज येत होता, बघत होतो."

शुक्रवारी सकाळी बाबूला श्वास घेता येईना. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता आणि खरंच, घासलेल्या बेल्टसारखा आवाज येत होता. बायको तापातच उठून त्याला घेऊन गाडीत बसली, बाय तिच्या शेजारी. मी किल्ली फिरवली. नुसतं टक् झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. शेजारपाजारचे सगळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलेले. मी रुग्णवाहिकेला फोन लावला, तर मला माझ्याच घराचा पत्ता नीट सांगता येईना. आणि मग मी जे बोललो ते बोललो. "मामा, किती वेळा सांगितलं रेडिओ लावून बसू नका म्हणून. उतरली ना बॅटरी?"

मामा माझ्या बाजूच्या दारात उभे होते. त्यांनी हात आत घातला, वर नेला आणि छतावरच्या दिव्याचं बटण बंद केलं. दिवा केव्हाच विझलेला होता. नुसतं बटणच चालू होतं. "व्हय," ते म्हणाले. "माझीच चूक."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजला. पाव विकणाऱ्या त्या माणसाला मामांनी सायकलीवरून अक्षरशः उतरवून घेतलं. मला म्हणाले, "भायर येवा, ढकला," आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मोतीबिंदूसकट. गाडीचं तोंड घराकडे होतं, माझ्या कृपेने. ती आधी मागे ढकलायची, मग तुळस चुकवून वळवायची, मग उतारावर आणायची. रोज संध्याकाळी मी काय करत होतो ते त्या पाच मिनिटांत माझ्या दोन्ही खांद्यांना कळलं. अखेर तोंड उताराकडे झालं, आणि मामांनी ब्रेक दाबून हात जोडले.

"मामा, आता गाऱ्हाणं नको," मी मागून ओरडलो.

"एकच वाक्य," ते म्हणाले. "बा देवा म्हाराजा, ज्या कोणाच्या हातसून चूक झाली आसात, ती माझ्या पदरात घाल आणि ह्या पोराक श्वास दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाय म्हणाली. तापलेली बायको म्हणाली. पोदेर म्हणाला. आणि मी म्हणालो, सगळ्यांत मोठ्याने.

गाडी घरंगळली, हिसका बसला, खोकली आणि सुरू झाली. उताराच्या पायथ्याशी मामा शेजारच्या सीटवर सरकले आणि मी धापा टाकत स्टिअरिंगवर बसलो. डिचोलीला पोचेपर्यंत ते मागे वळून बाबूला सांगत होते की आता आपण फोंड्याला पोचलो, आता घाट लागला.

दवाखान्यात बाबूला वाफ दिली, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, कालच आणायला हवं होतं. मामा तेव्हा बाकावर बसले होते. ते ऐकून त्यांनी फक्त छत्री या हातातून त्या हातात घेतली. बाबूच्या ओठांना रंग यायला दुपार झाली. मग मामांनी सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. "जावयबापू, तुमचो चष्मो. गाडीत पडलेलो, वर्तमानपत्रार." एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं, की ते नुसताच चष्मा परत करत होते? मी तो डोळ्यांवर चढवला, पण त्यामुळे काही अधिक स्पष्ट दिसलं असं नाही.

बाबू तिसऱ्या दिवशी घरी आला, बायकोही उठली. आणि मामांनी बॅटरी उतरवली ती गोष्ट आमच्या घराण्यात विनोद म्हणून रूढ झाली. लग्नात, बारशात, चतुर्थीला कोणी ना कोणी ती काढतंच. "मामा, काशीक जातास? रेडियो लाव," असं भाचे म्हणतात आणि सगळे हसतात. मामाही हसतात. मीही हसतो. प्रत्येक वेळी मी ठरवतो की आता सांगायचं. एकदा पेडण्याला त्यांच्या अंगणात गाडीजवळ उभा राहून मी "मामा, त्या बॅटरीचं..." अशी सुरुवात केलीसुद्धा. त्यांनी लगेच माझा दंड धरून तुळशीपलीकडे नेलं. "तिच्या फुड्यात जुन्या दुखण्याचा नाव काडू नकात," म्हणाले, आणि मला दोन शहाळी बांधून दिली. शहाळी हातात घेऊन कोणाला कबुली देता येते?

आता मामा आमच्याकडे येत नाहीत. गुडघे गेले, बस चढवत नाही. ऐकूही कमी येतं. यंत्रांचे कान शाबूत राहिले आणि मामांचे गेले. महिन्यातून एकदा आम्हीच पेडण्याला जातो. गेल्या रविवारी निघताना सगळे गाडीत बसलो. गाडी उताराकडे तोंड करून होती. हल्ली मी ती सगळीकडे तशीच ठेवतो, सपाट जागेवरसुद्धा उतार शोधत बसतो. मामा नेहमीप्रमाणे टपावर हात ठेवून खिडकीशी उभे राहिले, पण गाऱ्हाणं सुरू करेनात. "माका दम लागता," ते म्हणाले. "आज तुमी घाला."

मी कधी घातलं नव्हतं. क्लच झाला, गुरं झाली, म्हापशाच्या रस्त्यावरच्या बस झाल्या. पोरं साथ देत होती. मग मला पुढचं काही आठवेना, आणि तोंडातून निघालं, "त्या दिसा दिवो म्यां चालू ठेवलेलो, म्हाराजा. मामांचो काय एक दोष नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," पोरं त्याच सुरात ओरडली. बायकोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर तसेच उभे होते. जरा वेळाने, साथीत मागे पडलेल्या माणसासारखं, तेही म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांना ऐकू आलं होतं, की ओठ हलायचे थांबलेले पाहून सवयीने म्हणाले, देव जाणे. त्यांनी टपावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "सावकाश जावा."

मी ब्रेक सोडला. इंजिन सुरू न करताच गाडी उतारावरून निघाली. आरशात मामा लहान होत गेले, हात अजून टपाच्या उंचीवरच धरलेला. वळण आल्यावर बायकोने विचारलं, "कुठला दिवा?"

मी सांगायला सुरुवात केली, हळू आवाजात. हळू का, ते मलाही कळलं नाही.