मास्तरांचा उजवा खांदा

चाळीस वर्षं कातरीवर काढली आणि मास्तरांचा उजवा खांदा त्या कातरीनंच खाल्ला. हात कानाच्या वर जाईना. पण गडी पक्का! दर वर्षी स्वतःचा सदरा बेतताना उजवा खांदा अर्धं बोट खाली घ्यायचा, म्हणजे खोड दिसायचीच नाही. गिऱ्हाइकांची पोटं नि कुबडं झाकणारा माणूस स्वतःचा खांदा थोडाच उघडा टाकणार?

बायकोची डावी बाजू अर्धांगानं गेली तेव्हा मात्र पितळ उघडं पडलं. तिला पलंगावरून खुर्चीत बसवताना एका सकाळी खांद्यात कळ आली, हात सुटला आणि ती पलंगाच्या कडेवर आपटली. दारात लेक उभी होती.

"बाबा, हट्ट पुरे. महिनाभर बघते, नाहीतर आईला मी घेऊन जाते."

लेकीचं घर दिवसभराच्या प्रवासावर. मास्तरांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "स्नायूंवर पातळ आवरण असतं. हालचाल कमी झाली की ते आखडतं. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये चेंडू धरून हलकं दाबा, मग हात हळूहळू वर न्या."

मास्तरांनी चिंध्या घट्ट आवळून चेंडू शिवला आणि हलकं हा शब्द सोयीस्कर विसरून असा रगडला की पाठ काळीनिळी झाली. चार दिवस हात जागचा हलेना. बाईंनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, कोटाचं अस्तर आटलं तर ओढून सरळ करता का?"

"छे, टरकेल की! ओलं करायचं, वाफ द्यायची, बेताबेतानं ताणायचं."

"मग?"

मास्तर खजील झाले. गिऱ्हाइकाच्या कापडाला जी माया दाखवली, ती स्वतःच्या अंगाला कधी दाखवली नव्हती.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ते भिंतीला टेकून चेंडूवर खांदा ठेवायचे आणि आतली गाठ सैल होईपर्यंत संथ श्वास घेत थांबायचे. मग बोटं भिंतीवरून वर चालवायची आणि पोचतील तिथे खडूची रेघ मारायची. पलंगावरून बायको पाहत असायची. काही दिवस रेघेवरच रेघ पडली, वर सरकेना. मास्तर मनातून पार खचले होते, पण चेंडू सोडला नाही. तिसऱ्या आठवड्यात रेघ कानाच्या वर गेली.

महिना भरला तशी लेक आली आणि दाराशी उभी राहिली. मास्तरांनी बायकोला कवेत घेतलं, उचललं, खांदा वर गेला आणि टर्र आवाज झाला. लेक पुढे धावली. पण हात सुटला नाही. बायको खुर्चीत अलगद बसली. उसवली होती ती सदऱ्याच्या खांद्याची शिवण.

बायकोनं चांगल्या हातानं ती चाचपली. इतकी वर्षं त्या सदऱ्यांना बटणं तिनंच लावली होती.

"आता," ती अडखळत म्हणाली, "दोन्ही खांदे... सारखे बेता."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! मास्तर तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. लेकीनं आईचे कपडे भरायला आणलेली रिकामी पिशवी घडी करून ठेवून दिली.