गावात कोन्या बाजूले?

"आडनाव काय म्हने तुमचं?"

मी पेशंट आजीचा मास्क जरा सरकवून तिच्या सुकलेल्या ओठांवरून ओला बोळा फिरवत होते. अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्याचं आयसीयू, मी तिथं नर्स. दुपारची भेटीची वेळ. विचारणारा माणूस म्हणजे आजीचा मुलगा, पलंगाच्या पायथ्याशी उभा. पांढरा कडक शर्ट, हातात दोन फोन. बाहेर बसलेली त्याची माणसं त्याला भाऊसाहेब म्हणायची.

मी आडनाव सांगितलं.

"गाव?"

"रिद्धपूरकडं. अमरावती जिल्हा."

"हां. गावात कोन्या बाजूले घर हाय?"

हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखते. आमच्याकडं पुष्कळ आडनावं दोन्हीकडं असतात, वरच्या जातींतही आणि आमच्यातही. त्यांचंही तेच, आमचंही तेच. आडनावावरून भागलं नाही की मग बाजू विचारतात.

"बौद्धपुऱ्यात," मी म्हणाले. हात थांबवला नाही.

त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं. माझ्या बोटांकडं बघितलं. मग तो बाहेर गेला.

काचेतून मला सगळं दिसत होतं. दवाखान्याचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, तिथंच उभे होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. भाऊसाहेब त्यांच्या कानाशी लागला. सर हसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. दोघं आत आले.

"सिस्टर, हा बेड सोडा. दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"काहून सर?" माझ्या तोंडून गावची बोली निघाली.

सरांच्या आधी भाऊसाहेबच बोलला. आवाज मऊ होता. "तुमच्यावर राग नाई वो ताई. पन आमची माय जुन्या वळनाची हाय. तिच्या तोंडात तुमच्या हातचं पानी नको. सलाइन, इंजेक्शन लावा तुमी, त्याचं काई नाई."

सलाइन चालेल. पाणी नाही. रक्तात माझा हात चालतो, तोंडात चालत नाही.

मी सरांकडं बघितलं. मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. शिकलेला माणूस. हजारो लोकांच्या छातीला कान लावलेला माणूस.

"देतो ना बदलून," सर त्याला म्हणाले. "त्यात काय मोठं!"

मळलेली चादर बदलून देतो म्हणावं, तसं.

भाऊसाहेबासारखे लोक मी पाहिले होते. गावात शाळेच्या हौदावर पाहिले, लग्नाच्या पंगतीत पाहिले. त्याचं मला नवल वाटलं नाही. पण "त्यात काय मोठं" हे तीन शब्द मला खाऊन गेले. अजून खातात.

माझी माय अमरावतीत एका दवाखान्यात आया होती. बेडपॅन उचलायची, फरशी पुसायची, मेलेल्या माणसाचं अंग पुसून द्यायची. मी शाळा सुटली की तिथल्या जिन्याखाली बसून अभ्यास करायचे. तिथूनच मला हे काम दिसलं. डॉक्टर यायचे, बघायचे, जायचे. पेशंटजवळ जे माणूस उरायचं ते नर्स असायचं. मला ते उरणारं माणूस व्हायचं होतं.

अमरावतीला बी.एस्सी. नर्सिंग केलं. काही वर्षं आयसीयूत काढली. मग दूर दुसऱ्या राज्यात जाऊन एम.एस्सी. केलं, नर्स प्रॅक्टिशनरचं. अतिदक्षतेचं. पास झाले तेव्हा मायला फोन केला.

"म्हंजे तू आता डॉक्टर झाली?"

"नाई माय. नर्सच."

"मंग जास्तीचं काय शिकली?"

मी तिला सांगितलं. पेशंट मी स्वतः तपासू शकते. छाती ऐकते, रिपोर्ट वाचते, श्वासाच्या मशीनची हवा कमीजास्त करते. डॉक्टरांसोबत आधी ठरवून लिहिलेले नियम असतात. त्या नियमांत राहून औषध सुरू करते, बंद करते. पेशंट बिघडला तर हातावर हात ठेवून डॉक्टरची वाट बघत बसायचं नाही, तोवर काय करायचं ते शिकले. आणि कुठं थांबायचं, डॉक्टरला कधी हाक मारायची, तेही शिकले.

माय मग म्हणाली, "मंग तं लय जोखमीचं काम हाय. नीट करजो."

मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळ्यांनी मला तेच ऐकवलं. मला माझं काम हवं होतं. जे शिकले तेवढं. पण आपल्याकडं हे शिक्षण आहे आणि पद नाही. नर्सिंग कौन्सिलनं अभ्यासक्रम काढला, आम्ही तो केला, आणि बाहेर आलो तर दारंच नाहीत. अकोल्याच्या या दवाखान्यानं नोकरी देताना सांगितलं, नर्स प्रॅक्टिशनर म्हणूनच घेतो. रुजू झाल्यावर कळलं की काम साध्या स्टाफ नर्सचंच. सरांचे पाहुणे आले की चहा आत नेऊन देणं, हेही त्यात आलं. चहा न्यायला आम्हा दोघीतिघींनाच सांगायचे. कोणत्या दोघीतिघी, ते सांगायला नको.

एकदा मी सरांना म्हटलं होतं, सर, निदान बॅजवर तरी माझं पद लिहा.

ते हसले. "प्रॅक्टिस आम्ही करतो. तू नर्स. तेवढंच पुरे."

आजीचा बेड माझ्याकडून काढून एका नवीन मुलीला दिला. नुकतीच शिकून आलेली, गरीब पोरगी. तिचा काही दोष नव्हता. मला समोरच्या रांगेत टाकलं. आजी तिथून दिसायची.

आजीच्या छातीत पाणी झालं होतं. नाकातोंडावर घट्ट मास्क, आणि मशीन आत हवा ढकलायचं. पेशंटला वाटतं, आपला जीव कोंडून राहिला. तो मास्क ओढून काढायला बघतो. अशा वेळी कोणीतरी जवळ बसून बोलावं लागतं. मी तिच्याशी बोलायचे. तिच्या संत्र्याच्या बागेबद्दल विचारायचे. बाग शेंदूरजनाघाटकडं होती. ती बोटांनी दाखवायची, एवढं एवढं संत्रं. मास्क थोडा काढला की म्हणायची, "लेक माही, जाऊ नको." माझ्या हातचं पाणी तिनं कित्येकदा पिलं होतं. तिनं मला कधी बाजू विचारली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी मास्कशी झगडायला लागली. नवीन मुलगी घाबरली, हात धरून ठेवायला लागली. हात धरला की पेशंट जास्त झगडतो. आजीचे डोळे भिरभिरत होते. मग ती मला दिसली आणि मी तिला दिसले. तिनं माझ्याकडं हात केला. पंजा उघडा, माझ्या दिशेनं.

मी उठले. इनचार्ज सिस्टर आडव्या आल्या.

"त्या बेडला हात लावू नको. त्यांची माणसं बाहेर बसली आहेत. सरांनी बजावलं आहे."

"सिस्टर, ती मला बोलावून राहिली."

"तू नको जाऊ, बाई. माझी नोकरी जाईल."

त्यांचे डोळे भरले होते. त्या वाईट नव्हत्या. म्हणून तर मला त्यांना ढकलता आलं नाही.

मी तिथूनच ओरडून ड्यूटी डॉक्टरला बोलावलं. तो आला. त्यानं गुंगीचं औषध दिलं. आजीचा हात पलंगावर पडला. संध्याकाळी भाऊसाहेबानं रुग्णवाहिका बोलावली आणि आजीला नागपूरला नेलं. स्ट्रेचर माझ्या समोरून गेलं. पुढं तिचं काय झालं, मला कळलं नाही. विचारायला मी तिची कोण होते?

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. उभीच राहिले. बस म्हणाले नाहीत.

"सर, तुम्ही त्या माणसाला 'नाही' का म्हटलं नाही?"

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्या शब्दावर त्या तालुक्यातून किती पेशंट येतात, ठाऊक आहे ना?"

"आणि मी?"

"तू काय? तुला काही बोललं का कोणी? शिवी दिली? ताई म्हटलं ना त्यानं?" मग जरा थांबून म्हणाले, "दोन पुस्तकं जास्त वाचली म्हणून स्वतःला डॉक्टर समजू लागलीस. तो तुझा प्रॉब्लेम आहे."

मी बाहेर आले. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग तोंड धुतलं आणि ड्यूटी पूर्ण केली. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही. काय करणार होते? अकोल्यात दुसरी नोकरी म्हणजे दुसरे सर. आमच्या समाजातल्या, तिथंच काम करणाऱ्या एका ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आमी तं आडनावच बदलून घेतलं. तूही घे." त्यांनी ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मला त्यांच्याच कुशीत शिरून रडावंसं वाटलं.

काही आठवड्यांनी दवाखान्यात तपासणीची कमिटी यायची होती. गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळणार होतं. भिंतींना रंग लागला. तुटलेले पडदे बदलले. आणि सकाळी इनचार्ज सिस्टरनं माझ्या हातात नवाकोरा बॅज दिला. ठळक अक्षरांत, नर्स प्रॅक्टिशनर.

"आजच्यापुरता लाव. संध्याकाळी परत दे."

मी लावला. आरशात बघितलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. तेच जास्त लागलं नंतर.

कमिटी आली. सर पुढं. मुंबईच्या एक वयस्क मॅडम होत्या, स्वतः डॉक्टर. सरांनी माझ्या खांद्यामागं हात नेला, न लावता, आणि म्हणाले, "ही आमची क्वालिफाइड नर्स प्रॅक्टिशनर. इथल्याच ग्रामीण भागातली मुलगी. आम्ही संधी दिली."

संधी दिली.

मॅडम हसल्या. "छान. तुमचं इथलं रोजचं काम सांगा बरं."

काय बोलायचं ते मला पाठ करून दिलं होतं. वाक्यं जिभेवर होती.  सर माझ्याकडं बघून मान डोलावत होते, लहान पोराला कविता म्हणायला लावावी तसे. मला आजीचा उघडा पंजा दिसला.

"मॅडम, माझं शिक्षण खरं आहे," मी म्हणाले. "पद खोटं आहे. हा बॅज आज सकाळी दिला. मी जे शिकले ते काम मला इथं एक दिवस दिलं नाही. मी चहा नेते. आणि पेशंटच्या माणसानं माझी जात विचारली की सर मला बेडवरून काढतात. माझ्या हातचं पाणी चालत नाही म्हणून काढलं. सरांना विचारा."

 कुठलातरी मॉनिटर टिकटिकत होता. मी खाली बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसासमोर मी खाली बघितलं नाही.

सर म्हणाले, "थोडी ताणात आहे ती, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. माझ्या दंडाला त्यांनी हळूच हात लावला आणि म्हणाल्या, "हा विषय आमच्या कक्षेत येत नाही हो." पुढच्या बेडकडं गेल्या. सगळे त्यांच्या मागं गेले. मी तिथंच उभी.

दवाखान्याला प्रमाणपत्र मिळालं.

मला दुसऱ्या दिवशी फाटकावरच अडवलं. चौकीदार आमच्याच ओळखीचा. "ताई, तुमाले आत सोडू नको म्हनलं," तो जमिनीकडं बघत म्हणाला. इनचार्ज सिस्टर माझी आयसीयूतली चप्पल आणि आदल्या दिवशी आतच राहिलेली डब्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. "बोलायची काय गरज होती गं? सगळ्यांचं चाललंच आहे ना." पिशवी देताना त्यांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला. वरून कोणी बघत असेल म्हणून.

दवाखान्यानं अनुभवाचा दाखला पाठवला, त्यावर फक्त स्टाफ नर्स. मी तो परत पाठवला.

आता अमरावतीला मायजवळ आहे. इथल्या दवाखान्यांत विचारून आले. अकोल्याहून फोन आधीच आलेले असतात. "भांडकुदळ आहे म्हणतात," एकानं तर तोंडावर सांगितलं.

तक्रार घेऊन मी अकोल्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं. मग पेन खाली ठेवलं.

"जातीवरून शिवी दिली का?"

"नाही."

"हात उचलला?"

"नाही."

"मंग मी लिहू काय, ताई?"

 सगळं गोड आवाजात झालं होतं. ताई म्हणून, सिस्टर म्हणून. जखम दाखवा म्हणतात, आणि दाखवायला अंगावर काही नाही. मी बसमध्ये बसून परत आले. खिडकीला डोकं लावून पूर्ण रस्ता नुसती बसून होते. इतकं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं.

माय रात्रीची भाकर टाकत होती. म्हणाली, "तक्रारीचा नाद सोड, बाई. तुले कोन काम देईन मंग? मी तं जलमभर ऐकून घेतलं. मेली का मी?"

"नाई मेली माय. पन तुह्यावानी ऐकून घ्यायसाठी तू मले शिकवलं का?"

 तव्यावरची भाकर करपली.

आडनाव मी बदलणार नाही. गाव विचारलं तर गाव सांगेन, बाजू विचारली तर बाजू सांगेन. नोकरी मागताना माझं पद माझ्या पूर्ण नावानं मागेन. नाही दिलं तर पुढच्या दारात मागेन.

आणि सोमवारी परत पोलीस ठाण्यात जाणार आहे. माझ्यासोबत कोणी येणार नाही. चौकीदार येणार नाही, सिस्टर येणार नाही, मॅडम तर नाहीच. भाऊसाहेबाची माणसं मात्र, तक्रारीचं कळलं तर, बाहेर उभी असतील. मला भीती वाटते. ती वाटणारच. मी बाकावर बसेन. काय लिहू म्हणतील, तर मी एकेक शब्द सांगेन आणि ते लिहितील. लिहिलं नाही तर मंगळवारी येईन. बुधवारी येईन. लिहून घेतल्याशिवाय त्या बाकावरून मला उठवायचं असेल, तर त्यांना मला हात लावावा लागेल.