हिरवा पट्टा

मर्लीन कारगिलने वारसा न्यासाचे अध्यक्षपद स्वीकारले, तेव्हा वुल्व्हरहॅम्प्टनमधल्या आमच्या चर्चमध्ये टाळ्या पडल्या, पण बेताच्याच. कॅरिबियन बेटांवरून इथल्या इस्पितळांत आलेल्या परिचारिकांची आठवण जपायची आणि त्यांच्या लेकी-नातींना आज बढतीत बरोबरीचा न्याय मिळवून द्यायचा, असे न्यासाचे दुहेरी काम. पहिले जमत असे: जुने फोटो, रमकेक, भाषणे. दुसरे कधी जमल्याचे कुणाला आठवत नव्हते. मर्लीन स्वतः उपमुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. ज्या टेबलांभोवती 'नाही' हा शब्द न उच्चारता नकार दिला जातो, त्या टेबलांशी तिने अर्धे आयुष्य काढले होते. म्हणून मोठी वचने तिने दिली नाहीत. एकच दिले, आणि ते आयसिल्डा ब्रॅमवेलला.

आयसिल्डाला सगळे मिस आयसी म्हणत. जमैकातून ती कोवळ्या वयात परिचारिका व्हायला आली. इस्पितळाने तिला तीन वर्षांच्या शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या शिक्षणाला बसवले. दोहोंत फरक काय, हे मात्र सांगितले नाही. फरक कळला तो कमरेवर. तीन वर्षांवाल्या मुलींना पट्ट्यावर चांदीचे बक्कल लावण्याचा मान मिळाला. हिला मिळाला नुसता हिरवा पट्टा. हिरव्या पट्ट्याची बाई कधी सिस्टर, म्हणजे वॉर्डाची प्रमुख, होत नसे. मायदेशी त्या शिक्षणाला कुणी विचारत नसे, त्यामुळे परतीची वाटही बंद. मिस आयसीने वृद्धांच्या वॉर्डात जन्म काढला आणि नव्याने आलेल्या कितीतरी सिस्टरांना काम शिकवले.

"इस्पितळात जुन्या मुख्य परिचारिकांची, मेट्रनांची चित्रं आहेत ना, त्या रांगेत तुमचं चित्र लागेल, मिस आयसी," मर्लीन म्हणाली होती. "आणि खाली पितळी पट्टी. न सांगता तुम्हाला खालच्या शिक्षणाला बसवलं, हे इस्पितळ त्यावर कबूल करेल."

"चित्राचं राहू दे गं. माझं तोंड मी रोज बघते, त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही. ती पट्टी तेवढी लाव. आणि मी असेपर्यंत लाव."

चित्रासाठी मिस आयसी जुना गणवेश घालून बसली. पट्टा मात्र कधीच हरवला होता. ती घरी गेल्यावर चित्रकार वेंडेल पिनॉकने विचारले, "कमरेला काय दाखवू?" मर्लीनने स्वतःचे जपून ठेवलेले चांदीचे बक्कल त्याच्या हातावर ठेवले. जे मिळायला हवे होते, ते निदान रंगात तरी मिळावे, एवढाच तिचा विचार होता. ही चूक आमच्यातल्याच कुणाच्या तरी हातून व्हायची होती. बाहेरच्या माणसाला त्या बक्कलाचे मोल ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इस्पितळाच्या मुख्य मार्गिकेत चित्रावरचे कापड दूर झाले. पितळी पट्टीची जागा रिकामीच होती. मजकूर अजून 'विचाराधीन' होता. भाची क्लॉडेटने मिस आयसीची चाकांची खुर्ची पुढे आणली.

"किती तेजस्वी दिसताय आज!" मुख्याधिकारी हिलरी पेनरोज म्हणाल्या.

"ताप आहे मला, बाई," मिस आयसी म्हणाली. चित्रातल्या चेहऱ्याकडे तिने पाहिलेच नाही. तिची नजर कमरेवर थांबली. "हे कुणाचं?"

"तुमचंच चित्र आहे, मिस आयसी," मर्लीनने सांगितले.

"चित्र माझं. बक्कल कुणाचं?"

"माझं," मर्लीन म्हणाली. "मला वाटलं..."

"तुला वाटलं! आता इथून जाणारा प्रत्येक जण म्हणेल, बघा, म्हातारीला सगळं दिलं होतं, तरी रडतेय." मग आवाज खाली आणून तिने विचारले, "पोरी, या इस्पितळवाल्यांचं काम तू फुकटात का केलंस?"

इस्पितळातल्या पुढच्या बैठकीत पेनरोजबाईंनी तोच मुद्दा सभ्य शब्दांत मर्लीनपुढे ठेवला.

"वकिलांचं म्हणणं असं, की चित्र एक सांगतंय आणि तुमचा मजकूर दुसरंच. लोकांचा गोंधळ होईल."

"चित्र चुकलंय. मी दुरुस्त करून आणते."

"अवश्य न्या. फक्त ती भिंत नव्या मांडणीत येतेय. काढलेली चित्रं पुन्हा लागतीलच, असं मला आज सांगता येणार नाही."

"म्हणजे लागणार नाहीत."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"नाही, तुम्ही कशाला म्हणाल."

न्यासाचे उपाध्यक्ष ब्रदर एझ्रा यांना चित्र काढणे मान्य नव्हते. "राहू दे की बक्कल! त्या भिंतीवर आपला एक काळा चेहरा तरी असेल. काढलंस तर तोही गेला." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मर्लीन मिस आयसीच्या पलंगाशी जाऊन बसली आणि दोन्ही बाजू तिच्यापुढे मांडल्या.

"काढ," मिस आयसी म्हणाली. "उसन्या बक्कलात लटकण्यापेक्षा मी घरात बरी."

चित्र खाली आले. वेंडेलने चांदीवर हिरवा रंग चढवला. महिन्याभरात त्या जागी हात धुण्याच्या सूचनांचा फलक लागला. मर्लीनने पाठपुरावा सोडला नाही. दर वेळी तिला चहा मिळाला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तेवढ्यात मिस आयसी गेली.

आमच्याकडे मृत्यूनंतर नवव्या दिवसापर्यंत घर भरलेले असते. तळलेले मासे, पाव, रम, भजने, टेबलावर आपटणाऱ्या डॉमिनोच्या सोंगट्या आणि त्यावरून होणारी भांडणे. शेवटच्या संध्याकाळी सामानाची जागा बदलतात, आरसे आणि तसबिरी भिंतीकडे फिरवतात. गेलेल्या माणसाला घर ओळखू येऊ नये, त्याने मागे रेंगाळू नये, म्हणून.

दुरुस्त केलेले चित्र मिस आयसीच्या बैठकीच्या खोलीत टांगलेले होते. क्लॉडेट त्यापुढे अडखळली. "मर्लीन आंटी, हेही फिरवायचं?"

"तोंड दिसेल असं काही ठेवायचं नाही," एझ्रा सोंगट्यांवरून मान न उचलता म्हणाले. "आणि क्लॉडेट, तुझी मावशी असती तर म्हणाली असती, आधी कढईतले मासे फिरव."

कुणीतरी हसले. मर्लीनने चित्र दोन्ही हातांनी उतरवले. बाजूने पडलेल्या उजेडात हिरव्या रंगाखालच्या बक्कलाचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. तिने त्यावरून बोट फिरवले. पितळी पट्टीसाठी चौकटीला पाडलेली छिद्रे तशीच होती. तिने चित्र फिरवून भिंतीला टेकवले.

"उद्या सगळं पुन्हा सरळ करायचं ना?" क्लॉडेटने विचारले.

"सामान कर. चित्र असंच राहू दे," मर्लीन म्हणाली आणि माशांचे ताट उचलून पाहुण्यांकडे वळली.