यादवीतलं विरजण

फळ्यावर मी ‘यादवी युद्ध’ असं लिहिलं आणि खडू ठेवायच्या आत मागून आवाज आला, “मॅडम, आपल्या दौलताबादचं का?” आमच्या शहरातल्या पोरांना यादव म्हटलं की देवगिरीचा किल्लाच आठवणार, शाळेत असताना दर सहलीला त्यांना तिथंच नेलेलं असतं. मग मला द्वारकेचे यादव सांगावे लागले, दारू पिऊन आपसांतच मारामारी करून संपलेले. यादवी म्हणजे घरच्यांनी घरच्यांना मारणं. एवढं कळल्यावर अकरावीच्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं.

आमचं यादवी युद्ध अमेरिकेतलं होतं, आणि त्यातही मला आवडतो तो भाग लढाईवर न गेलेल्यांचा. तिथं ना सेनापती, ना बाण काढलेले नकाशे. मीठ मिळेना म्हणून बायकांनी मांस खारवायच्या खोलीतली, वर्षानुवर्षं मीठ झिरपलेली जमीन खणली, ती माती पाण्यात उकळून मीठ काढलं. कॉफी संपली तेव्हा भेंडीच्या बिया भाजून, उकळून प्यायल्या. भेंडीची कॉफी म्हटल्यावर वर्गानं तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, “तुमच्या घरात असं कधी झालंय? दाराबाहेर पडता येत नाही आणि डबे रिकामे झालेत?”

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी.

“आमच्या गल्लीत कर्फ्यू लागला व्हता तवा,” ती म्हणाली, “माझा भाऊ लई बारका व्हता. त्याला जुलाब लागले. ढील दिली तवा दूध भेटलं, पण दही लावायला जामनच नव्हतं. मग खालानं भिंतीवरून वाटी दिली. बाहेर पोलीस शिट्ट्या मारू लागले व्हते, तरी दिली. आमच्यात अजून त्याच जामनचं दही लागतं, मॅडम. आईनं मोडूच दिलं नाय.”

खाला म्हणजे तिच्या शेजारच्या मुसलमान बाई, आणि जामन म्हणजे आपलं विरजण. मुलीचं घर बौद्ध. तिची आई भेटली की मला आधी जयभीम घालते आणि मगच बोलते. पण विरजण भिंतीपलीकडून आलं ते ‘जामन’ हे तिकडचं नाव घेऊनच आलं आणि त्या घरात राहिलं. वीस वर्षं शिकवून मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते या पोरीनं वाटीभर दह्यात सांगितलं. मी तिथंच ठरवलं, इतिहास मंडळाच्या कार्यक्रमात हीच बोलणार.

तालमीला आमचे पर्यवेक्षक येऊन बसले. मुलीचं बोलणं त्यांनी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकलं. त्यांचा हसरा चेहरा मला कधीच सोसला नाही.

“छान, छान. फक्त जामन काय, विरजण म्हण. शुद्ध बोलायचं. आणि खाला नको, नुसतं शेजारीण म्हण.”

“का?” मी विचारलं.

“मॅडम, पाहुणे येणार आहेत, पालक येणार आहेत. कशाला विषयाला फाटे? अमेरिकेतलं भांडण अमेरिकेतच राहू द्या की.”

“भांडण कुठंय यात? दही लावलंय.”

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले, “दह्याला नाव-गाव कशाला?”

माणूस उघड वाईट बोलला तर त्याच्याशी भांडता येतं. हा गोड बोलून बाईला तिच्याच भिंतीवरून पुसून टाकत होता. ते गेल्यावर मी मुलीला जवळ बोलावलं. “तू वर्गात म्हणालीस तेच म्हणायचं. खालाही म्हणायचं, जामनही म्हणायचं. पुढचं मी बघून घेईन. खालांनाही घेऊन ये कार्यक्रमाला.” तिनं मान हलवली. ते दोन शब्द ती स्टेजवर बोलते की नाही, एवढ्यावर माझा सगळा जीव अडकला.

कार्यक्रम म्हणजे निव्वळ तमाशा झाला. लढाईवर न गेलेल्या लोकांचा धडा, आणि स्टेजच्या मधोमध थर्माकोलची तोफ! पोरांनी कपाळाला लाल रंग फासून बँडेज गुंडाळलं होतं आणि ती मेलेल्या माणसांसारखी पडून एकमेकांचे फोटो काढत होती. एक आई आपल्या मुलाच्या जखमेला आणखी लाल लावायला स्टेजवर चढली, कारण मागून दिसत नव्हती. पाहुणे बोलायला उठले ते थेट देवगिरीच्या यादवांवर घसरले. यादवी हा शब्द त्यांनी फलकावर वाचला होता, तेवढी तयारी त्यांना पुरली. वर्गातली पोरं माझ्याकडं बघून हसायला लागली आणि पर्यवेक्षक टाळ्या वाजवत राहिले. मला शिसारी आली. असल्या लोकांपुढं त्या मुलीला उभं करायचं, याचीसुद्धा.

ती आली. दोन वेण्या, इस्त्रीचा गणवेश. मागच्या रांगेत तिची आई होती आणि शेजारी काळ्या बुरख्यातल्या एक बाई, चेहरा उघडा, मांडीवर पिशवी. खालाच असणार. मुलगी स्वच्छ, मोठ्यानं बोलली. कर्फ्यू सांगितला, भाऊ सांगितला.

“मग आमच्या शेजारणीने भिंतीवरून विरजण दिलं,” ती म्हणाली.

शेजारणीने. विरजण. तिच्या तोंडात ‘ने’सुद्धा शुद्ध झाला होता. टाळ्या पडल्या. पर्यवेक्षकांनी माझ्याकडं पाहून मान डोलावली आणि माझ्या अंगाची आग आग झाली. पोरीला एकटीला गाठून यांनी दम दिला असणार, आता सोडत नाही, असं म्हणत मी विंगेत गेले.

“कुणी सांगितलं तुला बदलायला? सरांनी?”

“नाय मॅडम.”

“खोटं बोलू नकोस. त्यांनी घाबरवलं ना?”

“नाय. सरांना तर मी म्हणले, मॅडम सांगतील तसंच म्हणणार.” ती माझ्या मागं बघत होती. तिची आई आणि त्या बाई तिला शोधत आत आल्या होत्या. बाईंनी पुढं होऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“इसकू मत डाटो मॅडम. मैंइच बोली थी, नक्को ले मेरा नाम.”

“पण का?” मी म्हटलं. “तुम्ही चांगलंच केलं होतं की. लाजायचं काय त्यात?”

“लाज काय की?” त्या हसल्या, माझ्यासाठी मराठीत आल्या. “इतके लोक मोबाइलमधी शूटिंग करू लागले. कोण कुठं टाकंल, कोण काय लिहील. मग गल्लीत येतील विचारायला, तुमच्यात कोण कुणाला काय देतं म्हणून. मॅडम, अजून देती मी भिंतीवरून. वो बंद करना है क्या तुमकू?”

मुलीच्या आईनं माझी नजर चुकवली. तिला हे आधीपासून ठाऊक होतं, तिघींनी मिळून ते घरी ठरवलं होतं आणि मला सांगायचं नाही हेही ठरवलं होतं. बाहेर पर्यवेक्षक माइकवरून सगळ्यांना फोटोला बोलावत होते. बाईंनी बुरख्याचा पदर चेहऱ्यावर ओढला आणि मला विचारलं, मागच्या बाजूनं जायला दार आहे का.

मी त्यांना दार दाखवलं.