आईचा विसरलेला मंत्र

आमच्या घरात महाराजांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. आम्ही कळंबला भाड्याच्या घरात राहायचो, अण्णा शाळेत मास्तर. निजामी संपून काही वर्षं झाली होती. म्हैस घ्यायची का, अण्णांच्या बहिणीला आलेलं स्थळ कसं आहे, असले प्रश्न महाराजांच्या वर्षातल्या एका फेरीसाठी राखून ठेवलेले असत. मला महाराजांचा राग नव्हता. ते पोटभर जेवत, थट्टा करत आणि आईला 'माय' म्हणत.

अण्णा आणि आईनं अनुग्रह एकाच दिवशी घेतला होता. महाराजांनी आधी अण्णांच्या, मग आईच्या कानात मंत्र सांगितला. जोडप्याला एकच मंत्र द्यायचा, ही त्यांची पद्धत. अटी दोन होत्या. मंत्र कुणाला सांगायचा नाही, आणि सकाळी एक माळ जप झाल्याशिवाय अन्न तोंडात घालायचं नाही. आईनं दोन्ही अटी बारा वर्षं पाळल्या.

मी सातवीत असताना आईला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण केस गेले आणि बरंचसं आठवेनासं झालं. नातलग, सणवार हळूहळू परत आले. मंत्र मात्र आला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी उठल्याबरोबर दूध, मग पेज, दर दोन तासांनी थोडं खाणं. आई माळ घेऊन देवापुढं बसायची आणि पहिल्या मण्यावरच थांबायची. दूध सायीसकट थंड व्हायचं. दिवस मावळला की तो दिवस उपासात धरून ती दोन घास खायची. असा मार्ग तिचा तिनंच काढला होता. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

शेजारी बसून अण्णा तोच मंत्र रोज जपत होते. ओठ हलायचे, आवाज नाही. एकदा आई त्यांना म्हणाली, "पहिला शब्द तरी सांगा. पुढचं मला आठवंल."

"मला पाप लागंल, आणि तुलाही," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही. वर्गात गणित समजावतानाही ते तसेच बोलत. आईनं पुन्हा विचारलं नाही, कारण पाप तिलाही खरंच वाटत होतं. मला फक्त संताप येत होता. एवढी शिकलेली माणसं, आणि दुधाचा पेला दोघांच्या मधे तसाच पडलेला.

महाराज उत्तरेकडं यात्रेला गेले होते, कुठं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन महिन्यांनी कळलं की तेरखेड्याला एका शिष्याकडं उतरलेत. आम्ही तिघं मोटारीनं निघालो. आईला चढवताना मला तिचं वजनच लागलं नाही.

शिष्याच्या अंगणात भुईनळ्यांची मातीची नळकांडी वाळत होती. ती चुकवत आम्ही ओसरीवर गेलो. अण्णांनी साष्टांग नमस्कार घातला आणि आई मंत्र विसरल्याचं सांगितलं. महाराज आईकडं बघत राहिले.

"माय, लई वाळलीस. जेवत न्हाईस व्हय?"

मीच बोलले. "जप होत नाही म्हणून ती जेवत नाही. अण्णांना मंत्र येतो, पण ते सांगत नाहीत."

अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की घरी गेल्यावर काय होणार ते मला कळलं. पण महाराज त्यांच्याकडं वळले. "मास्तर, खरं हाय का?"

"आपली आज्ञा होती, कुणाला सांगायचा नाही."

"व्हती," महाराज म्हणाले. बराच वेळ ते पायाचा अंगठा चोळत बसले. "सगळ्यांनाच सांगतो म्या तसं. पर ही कुणी परकी हाय का, मास्तर?" मग त्यांनी आईला जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी वाकले. आईनं तिथंच, ओसरीच्या कोपऱ्यात माळ पुरी केली. शिष्याच्या बायकोनं भाकरी, वरण आणि दूध वाढलं. आई भरभर जेवली. तिला असं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

परतीच्या मोटारीत अण्णा म्हणाले, "काही झालं तरी आज्ञा मोडली नाही, एवढं समाधान आहे."

आई खिडकीशी बसली होती. ती अण्णांना उलटून बोलत नसे. आताही तिनं नुसतं विचारल्यासारखं विचारलं, "मी मेले असते, तरी मोडली नसती?"

अण्णांनी विचार केला. ते खोटं बोलत नसत.

"नसती," ते म्हणाले.

आईनं मान डोलावली. घरी गेल्यावर मला मार बसला नाही. मी त्याची वाट बघत होते, पण अण्णा बोललेसुद्धा नाहीत. त्यांच्या माराची भीती मला लहानपणापासून होती. त्यांच्या खरेपणाची भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, आणि ती अण्णा गेल्यावरही पुरती गेलेली नाही.