शंभर वेढ्यांचा एक शेंगदाणा

गोधड्यांच्या तंबूत शिरलं की वाडी ऐकू येईनाशी व्हायची. गल्लीतल्या स्कूटरी, भाजीवाल्याची हाक, समोरच्या घरातली मालिका, सगळं कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, उबदार अंधार आणि मधोमध चार स्पीकरचा काळा डबा. घरातल्या सगळ्या गोधड्या, दोन गाद्या आणि पाहुण्यांची रजई दोऱ्यांवर टाकून मी तो तंबू केला होता. गिटारचा आवाज भिंतींवर आपटून परत माइकमध्ये शिरू नये, हे एक कारण. शेजाऱ्यांनी आम्हाला बडोद्याबाहेर काढू नये, हे दुसरं.

मी हेडफोन घालून डब्यासमोर उकिडवी बसायचे. बाहेर माझा मित्र एकच तार वाजवत राहायचा, सगळ्यांत जाड, सैल करून खालच्या सुराला उतरवलेली. मी माइक अंगठ्याच्या रुंदीइतका सरकवायचे. स्पीकरच्या मधोमध धरला की आवाज करवतीसारखा, कडेला नेला की ओल्या पोत्यासारखा. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते, तिथे तो अचानक जवळ येऊन बसतो, कुणी कानाशी श्वास घ्यावा तसा. ती सापडली की मी खडूने खूण करायचे. आणि तरी थोडा वेळ बाहेर यायचे नाही. आत बरं वाटायचं.

आम्ही हेवी मेटलचा अल्बम करत होतो. आठ गाणी. मित्र गिटार वाजवायचा आणि गायचा, बेस आणि रेकॉर्डिंग माझ्याकडे. ड्रम्स आधीच होऊन गेले होते. मेटल म्हणजे नुसता गोंगाट असं ज्यांना वाटतं त्यांना एक सांगते. त्यात गिटार दोनदा वाजवतात. एकदा डाव्या कानासाठी, आणि मग तेच्या तेच पुन्हा उजव्या कानासाठी. हात तोच, अँप्लिफायर तोच, पण माणूस एकच गोष्ट दोनदा अगदी तशीच करू शकत नाही. त्या केसाएवढ्या फरकातून दोन कानांच्या मध्ये एक भिंत उभी राहते. आमच्या आठही गाण्यांची डावी बाजू झाली होती. उजव्या बाजूची पाच गाणी उरली होती आणि मित्राच्या कॅनडाच्या तिकिटाला नऊ दिवस. तिकडे नोकरी लागली होती, परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नऊ दिवसांत झालं नाही तर अर्धी भिंत तशीच राहणार होती.

खोली आमच्याच घरातली, वरची. खाली आई-बाबा. बाबा सातवी करून खानदेशातून इकडे आले आणि मकरपुऱ्यात मोटारी रिवाइंड करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं तांब्याची तार गुंडाळत राहिले. मी इलेक्ट्रिकल इंजिनीयर. आईकडच्या, बाबांकडच्या, सगळ्या नात्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली. हे मी सांगते, लाजत नाही, मेहनतीने मिळवलंय. निकाल लागला त्या दिवसापासून बाबा मला ‘साहेब’ म्हणतात. वर्कशॉपमध्ये इंजिनीयरला साहेबच म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

तिकिटाला आठ दिवस असताना, एका दुपारी, समोरच्या खिडकीतून भाभींनी हात केला. “बेन, बाने हमणां ज आंख लागी छे. जरा धीमे राखजो ने.”

समोरच्या बांना, भाभींच्या सासूला, दोन दिवस ताप होता आणि आत्ता कुठे डोळा लागला होता. वाडीत दुपारची झोप मोडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, त्यात आजारी माणसाची. थांबावं तर दिवस जाणार. मग मी डोकं चालवलं. अँपच्या पाठीमागे एक भोक होतं, त्यातून आवाज थेट कंप्युटरमध्ये घेता यायचा. मी ती वायर लावली आणि स्पीकरच्या डब्याची वायर काढून टाकली. आवाज कंप्युटरमध्ये साठवायचा आणि बा उठल्या की डब्यातून वाजवून पुन्हा माइकने घ्यायचा.

मित्र म्हणाला, “यार, चालशे ने? डब्बा काढलास तर काही होणार नाही ना?”

“ओपन सर्किटमधून करंटच जात नाही, तर जळणार काय? चार वर्षं हेच शिकलेय मी.”

दीड गाणं फार सुंदर झालं. अशी दुपार मी पुन्हा पाहिली नाही. खोलीत ऐकू येत होती फक्त तारांवरची प्लेक्ट्रमची, म्हणजे वाजवायच्या प्लास्टिकच्या चकतीची, टिकटिक, सगळा गडगडाट हेडफोनच्या आत. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत मित्राच्या पायापर्यंत आली होती. अँपचे काचेचे व्हॉल्व्ह रोज नारिंगी दिसायचे, त्या दिवशी त्यांच्या कडेला निळसर झाक होती. मला ती आवडली. मी त्या निळ्याकडे बघतच राहिले.

मग आतून ‘चट्’ झालं आणि हेडफोन मुके झाले.

पाठोपाठ वास आला. जळलेल्या वॉर्निशचा, तांब्याचा. माझ्या ओळखीचा वास. लहानपणी संध्याकाळी बाबा दारात आले की त्यांच्या शर्टाला तोच यायचा. जिन्याखालून आवाज आला, “साहेब, काय जाळलंत?”

बाबा वर आले. अँपला हात लावायच्या आधी त्यांनी लोंबणाऱ्या स्पीकरच्या वायरीकडे पाहिलं.

“डब्याशिवाय चालवलात?”

“हो.”

“ट्रान्सफॉर्मर गेला. कॉइलमधनं करंट जोरात चाललाय आणि तुम्ही पुढचा रस्ता बंद केलात. तो काय मुकाट्याने घरी जाईल? उडी मारतो तो. थरांमधला कागद फाडून उडी मारतो.”

हे माझ्याही पुस्तकात होतं, वेगळ्या धड्यात. दोन धडे शेजारी ठेवून मी कधी पाहिले नव्हते.

डब्याशिवाय घेतलेला आवाज डाव्या बाजूशी जुळेना, म्हणून ते दीड गाणं फुकट गेलं. मित्राने फोनवर चौकशी केली, तसा ट्रान्सफॉर्मर परदेशातून यायला तीन आठवडे लागणार होते. दुसरा अँप आणावा तर डाव्या आणि उजव्या कानात दोन वेगळी माणसं वाजवताहेत असं वाटलं असतं. तो पायरीवर बसून म्हणाला, “जवा दे ने, यार. डाव्या कानाचा अल्बम काढू. उजव्या कानाला सुट्टी.” विनोद करत होता, पण हातातलं प्लेक्ट्रम दाबून दाबून वाकवत होता.

बाबांच्या पलंगाखाली हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन आहे हे मला ठाऊक होतं. वर्कशॉप बंद झालं तेव्हा मालकाने ते त्यांना दिलं होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत मी बोलले नाही. कारण सरळ आहे, मला लाज वाटत होती. भात वाढून घेताना म्हणाले, “बाबा, तुम्ही गुंडाळाल का?”

“साहेबांनी ऑर्डर काढली तर.”

“ऑर्डर नाही. मागतेय.”

आई म्हणाली, “अहो, किती भाव खाल? पोरगी तोंडाने म्हणतेय.”

दोन दिवस आम्ही जुना ट्रान्सफॉर्मर उलगडला. बाबा तार सोडवायचे, मी वेढे मोजून वहीत लिहायचे. पुस्तकात मी पुष्कळ ट्रान्सफॉर्मर सोडवले होते, उलगडत पहिल्यांदाच होते. केसासारखी तार निघतच राहायची, खोलीभर तांबूस ढग जमायचा आणि उन्हात चमकायचा. बाबांनी दाखवलं की मुख्य तारेचे दोन भाग आहेत. “हे दोन सारखे पाहिजेत. जुळे. एक गुणगुणला की दुसरा त्याला गप्प करतो. कमीजास्त झाले तर गुणगुण बाहेर येणार.”

गुणगुण मला माहीत होती. शाळेला सुट्टी असली की बाबा मला वर्कशॉपमध्ये न्यायचे. टेस्टिंगच्या टेबलाखाली सुती पट्टीची पोती असायची, त्यांवर मी झोपायचे. वर ट्रान्सफॉर्मर चालू असायचा, त्याचा एकच लांब सूर, ना वर ना खाली. मला वाटायचं झोपेलाच असा आवाज असतो.

तिसऱ्या दिवशी गुंडाळणं. मशीनचा काउंटर कधीच मोडला होता. बाबांची पद्धत अशी की शंभर वेढे झाले की डाव्या वाटीतला एक शेंगदाणा उजव्या वाटीत टाकायचा. तोंडाने मोजायचं नाही, कुणी बोलायचं नाही, चहासुद्धा विचारायचा नाही. पहिला भाग सकाळी झाला. दुसऱ्याला दुपारी हात घातला. मी तार ताणून धरली होती. मशीनची कुरकुर, तार, कागद, पुन्हा तार. मित्र भिंतीला टेकून बसला होता, अर्धा झोपेत. मीही कुठेतरी त्या पोत्यांवर पोचले होते.

शेवटच्या थराला बाबांचा हात थांबला. ते उजव्या वाटीकडे बघत होते. मग त्यांनी मित्राच्या जबड्याकडे पाहिलं.

“काय खाताय?”

मित्राचं तोंड हलायचं थांबलं. “काका… शिंग. दाणे.”

“कुठल्या वाटीतले?”

त्याने उजवीकडे बोट केलं.

“किती?”

“एक.” मग जरा विचार करून, “बे हशे. कदाचित दोन.”

मी कपाळाला हात लावणार होते, पण हातात तार होती. आई दारातून म्हणाली, “डबाभर दाणे आहेत घरात, मेल्या, मोजलेलेच मिळाले तुला!” आणि हसायला लागली. बाबा हसले नाहीत. थर बरोबर होते, त्यांची नोंद वहीत होती. प्रश्न शेवटच्या थराचा होता. वहीप्रमाणे पूर्ण करायचे तर किती राहिले, तेच कळत नव्हतं. कागद आणि वॉर्निशचा लेप देऊन बसवलेले थर उलगडले तर तार पुन्हा वापरता आली नसती, नवी आणून गुंडाळायला दोन दिवस, आणि वॉर्निश वाळायला एक वेगळा. तिकिटाला पाच दिवस उरले होते.

बाबांनी एकच खाल्ला असं धरून आणखी थोडे वेढे दिले आणि थांबले. माझ्याकडे वळले. “दोन खाल्ले असतील तर शंभराचा फरक राहील. चालेल, साहेब?”

तेव्हा त्या शब्दात टोमणा नव्हता. मला ऐकू आलं. ते खरंच विचारत होते.

मी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. दोनदा केलं, तीन दिवसांपूर्वीची मी आठवून. दोन्ही धडे शेजारी ठेवून. “जळणार नाही, बाबा. थोडी गुणगुण येईल. वाजेल मात्र.”

“लिहून द्या.”

मी खरंच लिहून दिलं. खाली सही केली. त्यांनी तो कागद घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला.

शंभर वॉटच्या बल्बखाली, पत्र्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर रात्रभर वाळला. सकाळी आम्ही तो अँपमध्ये बसवला, डबा जोडला, मग पुन्हा तपासला, मग बाबांनी स्वतः वायर ओढून पाहिली, आणि मग अँप चालू केला. व्हॉल्व्ह नारिंगीच राहिले. मी तंबूत जाऊन खडूच्या खुणेवर माइक ठेवला. उजवीकडे अगदी हलकी गुणगुण होती, गिटार वाजली की तिच्याखाली बुडायची. समोरच्या बा बऱ्या झाल्या होत्या आणि खिडकीत बसून भाभींना मशीन परत सुरू झाल्याचं सांगत होत्या, “मशीन पाछुं चालू थयुं.” चार दिवसांत पाच गाणी झाली. शेवटचं गाणं मित्राची बॅग दारात असताना.

तो गेला. मिक्सिंग मी एकटीने केलं, कंपनीतून आले की संध्याकाळी, दोन महिने. मेटलमध्ये दोन फटक्यांच्या मधली जागा कोरडी ठेवावी लागते, नाहीतर धार जाते. म्हणून मी सगळीकडे गुणगुण कापली. फक्त शेवटच्या गाण्याच्या शेवटी हात उचलला गेला नाही. तिथे शेवटचा सूर विरत जातो, डावी बाजू रिकामी होते आणि उजवीकडे तो लांब सूर उरतो. ना वर ना खाली. मी तो तसाच ठेवला.

बाबांना हेडफोन दिले. सात गाणी त्यांनी कपाळाला आठी घालून सोसली. आठव्याच्या शेवटी त्यांनी डोळे मिटले, डावा कान उघडा केला आणि उजव्यावर हात दाबून धरला. गाणं संपून गेलं तरी हात काढला नाही. मला वाटलं झोपले.

“दोन,” ते म्हणाले.

“काय दोन?”

“दोन खाल्लेत त्याने. एकाला एवढी येत नाही.”

मी कॅनडाला मेसेज टाकला. उत्तर सकाळी आलं, “काकाने कहेजे, साचुं. बे हता.” मी वाचून दाखवलं, खरंच दोन होते. बाबांनी मान हलवली आणि चष्म्याच्या घरातून माझा कागद काढून, उलगडून, पुन्हा घडी करून ठेवला.